शेवटचं कडवं मी गायलेलं नाही

मागच्या रविवारपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, बँडमधल्या पोरांनाही नाही. आता तुम्हाला सांगतेय. ऐकून माझ्याबद्दल वाईट मत झालं तर होऊ दे — चांगलं व्हावं म्हणून मी बोलतच नाहीये.

आमचा मुलुंडचा छोटा बँड. एका जुन्या अमेरिकन रॉक बँडची गाणी वाजवतो, फक्त त्यांचीच. गाते मी. आम्हाला अंधेरीच्या पबमधून बोलावणी येतात ती एका रेकॉर्डिंगमुळे. त्यांच्या एका संथ गाण्याचं कव्हर आम्ही नेटवर टाकलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. त्यातही शेवटचं कडवं. तिथे आवाज वर चढतो, किंचित फाटतो — काटा येतो अंगावर. "काय गायलीस यार!" किती जण म्हणाले असतील? मी दरवेळी हसून थँक्यू म्हटलं.

तो आवाज माझा नाही. नंदाचा आहे.

नंदा माझ्या ऑफिसातली मैत्रीण, मानखुर्दची. लहानपणापासून जयंतीच्या कार्यक्रमांत भीमगीतं गायलेली. साथीला गा म्हणून मीच तिला नाहूरच्या स्टुडिओत नेलं. पोरं आपापलं वाजवून निघून गेली होती. शेवटचं कडवं मला काही केल्या झेपेना. रेकॉर्डिंगवाला सहज तिला म्हणाला, तू बघ गाऊन. तिने एका दमात गायलं. मी काचेपलीकडून ऐकत होते. आनंद झाला का मला? छे. जळलेच मी.

कडवं तिचंच ठेवलं, गाणं मात्र माझ्या एकटीच्या नावावर गेलं. ऐकून तिचा फोन आला. "अगं, शेवटी मीच आहे ना?"

इथे तरी खरं बोलता आलं असतं. नाही बोलले.

"नाही गं, ते मी नंतर परत गायले. तुझा सूर सुटला होता. आणि उच्चार... लोकांना इंग्लिश कळतं ना."

"असेल," ती म्हणाली. "मला उगाच वाटलं."

स्वतःच्या कानांपेक्षा तिने माझ्यावर विश्वास ठेवला. का? मी इंग्लिश मीडियमची, ती पालिकेच्या शाळेतली — म्हणून. आणि मला ते ठाऊक होतं! घाईत तोंडातून गेलं, तेव्हा अक्कल नव्हती, असलं काही मी सांगणार नाही. कुठे लागेल ते बघूनच मी बोलले होते.

त्यानंतर कित्येक वर्षं नंदा गायलीच नाही. जयंतीलाही नाही.

मागच्या रविवारी तिच्या मुलीचा वाढदिवस होता. सगळे मागे लागले, गा ना गं. "माझा सूर सुटतो," ती हसत म्हणाली. मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि सांगून टाकलं. सगळं.

ती वेफर्स वाढत होती.

"आईने ओळखला होता," ती म्हणाली. "हा तुझाच आवाज, म्हणत होती सारखी. मी तिलाच वेड्यात काढलं."

तिची आई आता नाही.

मग प्लेट उचलून ती बाहेर गेली. पाहुण्यांशी नेहमीसारखी बोलली. माझ्याशी नाही.

घरी येऊन मी त्या रेकॉर्डिंगखाली लिहिलं — शेवटचं कडवं नंदाने गायलंय, मी नाही, आणि आजवर मी खोटं बोलले. आमच्या गिटारवाल्याचा लगेच फोन. "डिलीट कर! वाट लागेल आपली. साथीच्या गायकाचं नाव कोण टाकतं?" लागू दे वाट. त्या कडव्यात मुख्य आवाजच तिचा आहे, साथीचा नाही. अंधेरीचा पुढचा कार्यक्रम गेलाच. जाऊ दे. एक शब्दही पुसणार नाही.

याने काय भरून निघालं? काहीही नाही. तिची गेलेली वर्षं गेली, आईशी घातलेला वाद राहिला. नंदाने त्यानंतर फोन केलेला नाही. करावा, असं मी म्हणणारही नाही.