सोंड्याची पाठ

मी याद्या करणारी बाई. सोलापुरातल्या आमच्या घरी कुठल्या डब्यात काय आहे आणि ते उन्हात कधी घालायचं, हे सगळं माझ्या वहीत असे. म्हणून सासूबाईंनी त्या वर्षी पेरणीच्या ज्वारीचं बियाणं माझ्यावर सोपवलं. पद्धत जुनीच: गोवरीची राख दाण्यांना चोळायची आणि मडकी भरून तोंडं लिंपायची. मी तसंच केलं. फक्त राख घरभर उडू नये म्हणून तिच्यावर पाणी शिंपडलं.

गणपती जवळ आले तेव्हा मडकी उघडली, तर दाण्यांत सोंडे, ते सोंडवाले किडे, फिरत होते. पेरणी तोंडावर आणि दुसरं बी नाही.

सासूबाई सांगोल्याकडच्या. त्यांनी राख चिमटीत धरली. "ही राख न्हाय, चिखल हाय. भिजवलीस व्हय गं?"

पाणी शिंपडल्याचं मी कबूल केलं.

धाकटे दीर हायस्कुलात शास्त्र शिकवत; सुटीत शाळेचं सूक्ष्मदर्शक घरी आणत. "वहिनी, शत्रूला आधी नीट बघा तरी," ते म्हणाले. मी वैतागूनच डोळा लावला आणि तिथंच खिळले. नखाएवढाही नसलेला तो काळपट किडा! पाठीवर सरळ रांगांत खळगे, तांबटानं ठोकून काढावेत तसे, आणि खळग्याखळग्यात आखूड सोनेरी केस. पंखांवरची दोन झाकणं मधोमध अशी मिळालेली, की फट दिसेना. इतकी शिस्त माझ्या फडताळातही नव्हती.

मग भाऊजींनी दोन वाट्यांत किडके दाणे घेतले. एकीत माझी ओली राख घातली, दुसरीत कोरडी, वस्त्रगाळ. चार दिवसांनी ओल्या राखेतले सोंडे फिरतच होते, कोरड्या राखेतले मेले होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पाठीची चकाकी गेलेली, जागोजाग ओरखडे.

"मला वाटतं," भाऊजी म्हणाले, "कातडीवर मेणासारखा पातळ थर असतो. तो अंगातलं पाणी धरून ठेवतो. राखेनं तो खरवडला की किडा वाळतो."

"म्हंजी सुताची खळ उतरल्यागत की!" सासूबाई म्हणाल्या.

मी सगळं बी पाखडलं, उन्हात घातलं, कोरडी राख चोळली आणि वहीत तसं लिहिलं. पेरणीआधी मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधले. तिसऱ्या दिवशी काही पोकळ निघाले. बाकीच्यांना कोंब होते.

सासूबाईंनी फडकं निरखून पाहिलं. "शेतावर निरोप धाड, जरा दाट पेरा म्हणावं. येतंय की!"