चाचांच्या दंडावरची हिरवी पट्टी

बोलता बोलता चाचांचा डावा हात उजव्या दंडाकडे जायचा. बाहीवरूनच काहीतरी चाचपायचे आणि हात पुन्हा शिलाई मशीनवरच्या कापडावर. तुम्ही त्यांच्या दुकानासमोर थोडा वेळ थांबला असता, तर तुम्हालाही ते दिसलं असतं.

दुसरी सवय एका वाक्याची. कोणी उठलं की, मग तो चिखलदऱ्याला निघालेला असो नाहीतर कोपऱ्यावर चहाला, चाचा म्हणायचे, "पोचला का सांगजो." म्हणजे, पोचलास की कळव.

अमरावतीत शिकायला आलो तेव्हा त्यांच्या घरावरची खोली मला भाड्यानं मिळाली. खाली पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कापसाची ती वर्षं वाईट होती. नवं शिवायला फारसं कोणी येत नसे. थोरल्याचे कपडे उसवून धाकट्याच्या मापाचे करायचं कामच जास्त. गावाकडून फोन आला की उचलायच्या आधी वाटायचं, आज कोणाच्या घरची वाईट बातमी. दुकानात बसलो असताना माझा फोन वाजला की चाचांची मशीनही थांबायची. "सब खैरियत?" मी मान हलवली की पुन्हा सुरू.

त्यांचा मुलगा हवाई दलात वैमानिक होता. कसरती करणाऱ्या विमानांच्या पथकात त्याची निवड झाली आणि त्यांची प्रात्यक्षिकं नागपूरला ठरली. घरी दोन पास आले.

"मेरे से नै देखा जाता," चाची म्हणाल्या. "तुमीच जाओ."

म्हणून दुसरा पास मला मिळाला.

आदल्या दिवशी चाचांनी हिरव्या कापडाच्या पट्टीत एक नाणं शिवलं. इमाम जामिन. प्रवासाला निघालेल्याच्या दंडावर ते बांधतात. माणूस सुखरूप पोचला की सोडायचं आणि नाणं गरजूला द्यायचं.

पण नागपूरला उड्डाणाआधी वैमानिकांना कोणाला भेटू देत नव्हते. चाचांनी फाटकावरच्या जवानाला पुन्हा पुन्हा विनवलं. तो अदबीनं नाहीच म्हणत राहिला. मग चाचांनी बाही वर सारली आणि हात माझ्यापुढे केला.

"बांध."

"तुमच्या हाताले, चाचा?"

"मंग काय करू? बापाचा हात हाय. चालते."

मी गाठ मारली. त्यांनी कॉलरला टोचलेली सुई काढून गाठीवर टाकेही घातले. "सुटाले नाई पाहिजे."

पंखाला पंख लावल्यासारखी विमानं डोक्यावरून गेली. लोक ओरडत होते, चाचा ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते. मग दोन विमानं थव्यातून वेगळी झाली. त्यातलं एक त्यांच्या मुलाचं. ती आता समोरासमोर येणार, असं भोंग्यावरून सांगत होते. आलीच. धुराच्या दोन रेघा एकमेकींवर चालून आल्या. चाचांनी माझं मनगट धरलं.

"बाजूले होतीन ना रे?"

मला काय माहीत! "होतीन," मी म्हणालो.

रेघा एकमेकींना भिडल्या आणि पार झाल्या. टाळ्या पडल्या. एक विमान वर चढलं. दुसरं झाडांमागं खाली गेलं ते दिसेनाच.

"एकच हाय," चाचा म्हणाले. "दुसरं कुठी हाय?"

भोंगा गप्प झाला होता. मी झाडांकडे बघत राहिलो. तिथून काळा धूर निघतो का, तेच बघत होतो.

"पाह्य ना बापू, तुह्ये डोये चांगले हायेत!"

तेवढ्यात पाठीमागून, अगदी डोक्यावरून, पहाड कोसळल्यासारखा आवाज करत ते विमान गेलं. लोक किंचाळले आणि मग हसायला लागले. भोंग्यावरचा माणूसही हसला. दचकवायची ती त्यांची ठरलेली कसरत होती. चाचा गवतात बसले होते, डाव्या हातानं उजवा दंड आवळून. ते हसले नाहीत.

विमानं उतरल्यावर मुलगा कठड्याशी आला. घामानं निथळत होता. त्याला वडिलांचा दंड दिसला.

"अब्बा, ये आप काहे को बांधे? खोलो अब. उतर गया ना मैं."

"उतरा. पोंचा कहां अबी? कल फिर उडेगा ना."

आणि त्यांनी ते कधीच सोडलं नाही. कापड विटलं की त्यावरच नवी पट्टी शिवायचे, नाणं तेच.

मला बार्शीटाकळीला शाळेत नोकरी लागली, तेव्हा रुजू व्हायच्या दिवसाचे कपडे त्यांनीच शिवले. शिलाई किती विचारलं, तर म्हणाले, "पोचला का सांगजो." शाळेच्या फाटकातूनच मी त्यांना फोन केला. तेवढीच त्यांची शिलाई.

चाचा गेल्याचं कळलं आणि मी अमरावतीला धावलो. मुलगा माझ्याआधी पोचला होता. आंघोळ घालायच्या आधी त्यानं वडिलांची बाही वर सारली. गाठीवर टाके होते, सुटेना. चाचांचीच कात्री आणावी लागली. विमान उलटं करून उडवणारा तो माणूस एकेक टाका जपून कापत होता. नाणं काढून त्यानं दाराशी बसलेल्या म्हातारीच्या हातावर ठेवलं.

चार दिवसांनी तो परत निघाला. बॅग खांद्यावर टाकली आणि दुकानाच्या उंबऱ्यावर उगाच थांबला. कशासाठी, ते मला कळत होतं. पण चाचांचं ते वाक्य माझ्या तोंडून निघेना.

मागं मशीनचा आवाज सुरू झाला. चाची शिवत होत्या. सुईखाली हिरवं कापड होतं.

"रुक जरा," मान वर न करता त्या म्हणाल्या.