करवंदाच्या जाळीत

मुलुंड स्टेशनबाहेर पानांच्या द्रोणात करवंदं मांडून बसलेल्या बाया दिसल्या की माझी पावलं अडखळतात. काळीभोर, चिकाने माखलेली ती फळं. त्यांचा आंबटगोड, किंचित तुरट वास नाकात शिरतो आणि मे महिन्यातली एक तहानलेली दुपार अंगावर येते.

मी आणि माझी मैत्रीण एकाच शाळेत शिकवायचो. जरा पाय मोकळे करावेत म्हणून एका सकाळी मुलुंडच्या डोंगरामागच्या रानात शिरलो. पाणी, बिस्किटं, मैत्रिणीच्या ग्लुकोजच्या गोळ्या, सगळं स्कूटरच्या डिकीत राहिलेलं. फोनला रेंज नाही. पाचोळ्याखाली पायवाटा बुजलेल्या. गाड्यांची घरघर चहूकडून यायची, पण जावं तिकडे पुन्हा तोच उतार, तेच साग. एवढं शहर भोवती पसरलेलं असताना आपण हरवलो आहोत, हे मन कबूलच करेना.

मग ती घामाने डबडबली. सकाळी इन्सुलिन घेतलेलं आणि पोटात जेमतेम अर्धी पोळी. हात थरथरू लागले, जीभ जड झाली.

"मला काही नाही झालेलं. तू जा ना, कुणाला तरी घेऊन ये."

"वेडी आहेस का गं? परत येऊन तुला शोधू कुठे?"

"जा म्हटलं ना!" ती किंचाळली. तो आवाज तिचा नव्हताच.

मी गेले नाही. शेजारच्या करवंदाच्या जाळीत हात घातला. काटे रुतत होते, बोटं चिकाने चिकटत होती. पिकली तेवढी ओरबाडून तिच्या तोंडात घालत राहिले. ती थुंकायची, मी पुन्हा भरवायची. किती वेळ गेला कोण जाणे, हळूहळू तिची नजर माझ्यावर ठरली. आणि तेवढ्यात खालच्या अंगाला कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. एकमेकींना धरून, घसरत त्या रोखाने उतरलो, तर रानाच्या कडेला वस्ती.

"अगं बाई, कुठून आलात तुम्ही?" दारातली बाई उठलीच. मी साखर मागितली. तिने तांब्याभर पाण्यात मूठभर ढवळून दिली.

मैत्रीण आता मुलाकडे, दुसऱ्या शहरात असते. परवा फोनवर विषय निघाला. "काय भटकलो होतो ना गं आपण!" ती हसली. मला जा म्हणाल्याचं तिला आठवतच नाही. मीही सांगितलं नाही. दोघींवर गुदरलेला तो प्रहर आता माझ्या एकटीच्या स्मरणावर उभा आहे. उद्या मीही विसरले, तर तो घडला होता असं कोण म्हणणार? या विचाराने मन जागच्या जागी येरझाऱ्या घालत राहतं.