आमच्या मोठ्या जाऊबाई आन वैष्णवीचा डोळा

"आई!" एवढंच आलं बाजूच्या संत्र्याच्या बागेतून, आन मी मिर्चीचं टोपलं तसंच फेकून पळाली. पाह्यते त माही वैष्णवी डोळ्यावर हात दाबून, बाजूले चुन्याची बकेट रटरट उकळून राह्यली, आन आमच्या मोठ्या जाऊबाई तिचं मुंडकं मोटारच्या पाइपाखाली धरून म्हनतात, "उघड डोळा माय, उघडाच ठेव." मी वरडली, "मारली व जाऊबाई, माही पोर मारली तुमी!" त्याईनं पाइप काही सोडला नाही.

अशी बाई अख्ख्या जानेफळात नाही, मी शपथेवर सांगते. पोराईवर हात उचलत नाही, वरडत नाही, मार्क इचारत नाही. पोराईनं काही इचारलं की एकच, "मले काय माहीत? पाह्य बरं करून." शिट्टी कशी वाजते म्हनून त्याईच्या पोरीनं कुकर खोलला, तवा घरानं कितीक दिवस कच्ची डाळ खाल्ली. भासरे, म्हंजे जाऊबाईचे मालक, ताटावर बसून म्हनले, "दात हायेत तोवर ठीक हाय." जाऊबाई पोरीलेच म्हने, "मंग, समजलं का? मलेही सांग." एकदा अर्धे कांदे फ्रिजात, अर्धे पत्र्यावर, कोनत्याले आधी कोंब येते म्हनून, फ्रिजातल्या दुधामुळं त्याईच्या घरचा चहा कांद्याचा लागे. पन ते पोरगी सायन्सात वर्गात पहिली, आन हे जाऊबाईले मास्तरनं बाजारात सांगतलं तवा कळलं.

मी सातवी शिकली. मले वाटे, काठी घेऊन बसलं की पोर शिकते. वैष्णवीले व्याख्या घोकवल्या, शब्द चुकला की पाठीत. मंग तिनं मले काही इचारनंच सोडलं. नववीच्या सहामाहीत सायन्सात नापास. तिचा बाप म्हने, वार्षिकलेही असंच झालं त शाळा बंद, सोयरीक पाहू. म्हनून भेवून भेवून मीच तिले दिवाळीच्या सुट्टीत जाऊबाईकडे ठेवली. तिथं संत्र्याच्या फवाऱ्यासाठी औषध करनं चालू होतं, एका बकेटात मोरचूद, दुसऱ्या बकेटात कळीचा चुना. वैष्णवीनं इचारलं, "मोठीआई, पानी एकदमच टाकू का?" दरसाल चुना विझवनारी बाई, पन सवयीनं तोंडातून गेलं, "पाह्य बरं करून." पोरीनं पानी एकदमच ओतलं, आन चुना उसळून तिच्या डोळ्यात गेला.

मेहकरच्या डॉक्टरनं सांगतलं, लगेच धुतला हे बरं केलं, पन नजर किती राहीन ते पट्टी सुटल्यावर. आन हे पोरगी पट्टी बांधून बाजीवर बसली न बसली त बोलत सुटली. चुन्यात पानी गेलं की आतून गरमी निघते, मोरचुदाच्या पान्यात विळा बुडवला की त्याच्यावर तांबं चढते, चुना मिसळल्यावरही चढलं म्हंजे चुना कमी पडला. "विळा आन ना आई, तुले दाखवते." सायन्सचं काही तिनं आपल्या मनानं मले सांगनं, हे पहिल्यांदा. मी रडू का हासू, समजेना.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई आल्या, पन घरात पाय टाकला नाही. अंगनातूनच म्हने, "चुकलं व माय माह्यावालं. सांगाले पाहिजे होतं." वैष्णवी आतून चप्पल घालून आली, "आई, मोठीआईकडे जाऊ का?" जाऊबाई तिले बोलवत नाहीत, खाली पाहून राह्यल्या. मी पोरीचं मनगट धरून उभी. सोडू त तिच्या दुसऱ्या डोळ्याचं भेव वाटते, धरून ठेवू त ते पुन्हा मुकी होईन. तिचा बाप आता वावरातून येतच असन. तुमी असते माह्या जागी, त काय केलं असतं?