मत फक्त पदवीधरांनी द्यावं

"ते काही नाही! पुढच्या रविवारपासून बैठक माझ्या घरी. मत पदवीधरांनी द्यायचं, बाकीच्यांनी ऐकायचं!" बापूसाहेब बी.ए. माझ्याच ओटीवर उभे राहून मला सुनावत होते.

दाऊदभाईंनी शांतपणे विचारलं, "पदवीधर तुम्ही एकटेच. मग बोलणार कोणाशी?"

हे भांडण कसं मिटलं ते सांगतेच. पण नागावला माझ्या ओटीवर दर रविवारी भरणाऱ्या त्या पुस्तकांच्या बैठकीचे किस्से असे की एक ओढला की चार बाहेर येतात.

*

बापूसाहेब मुंबईहून बी.ए. होऊन आले ते पेटीभर पुस्तकं घेऊन. गावभर विचारत सुटले, "साहित्यावर गंभीरपणे बोलेल असं इथं कोणी आहे का?" लोकांनी आमचं घर दाखवलं. मी अंगणात सुपाऱ्या सोलत होते. "यजमान आहेत?" म्हणाले, नि अर्धा तास वाट बघत बसले. यजमान वाडीतून आले आणि म्हणाले, "मला झाडावरचं विचारा. पुस्तकातलं हिला!"

*

शाळेची पायरी मी चढले नाही. सव्विसाव्या वर्षी पुतणीकडून अक्षरं शिकले. तिचा दर ठरलेला, एका अक्षराला एक वेणी! जोडाक्षरं आली तशी म्हणाली, "काकू, आता दोन घालायच्या."

*

दाऊदभाई मुरुडचे. मचव्यातून मुंबईला सुपारी नेत, येताना पुस्तकं आणत. तेव्हा नव्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेली असत, कापल्याशिवाय वाचता येत नसत. दाऊदभाई ती मासे कापायच्या सुरीने कापत! बापूसाहेब नाकाला उपरणं लावून वाचत.

एकदा वाटेत वारा पडला. तीन दिवस मचवा हलेना. दाऊदभाई खलाशांना कादंबरी वाचून दाखवत बसले. "भाभी, नायिका मेली आणि वारा सुटला! खलाशी म्हणाले, मग पहिल्याच पानावर मारायची ना!"

*

शाळेचे मास्तर एका कवितासंग्रहावर तासभर बोलले. मी म्हटलं, "पण मास्तर, तुम्हाला आवडला का?"

"गुरुवारी डेप्युटीसाहेब तपासणीला येताहेत," मास्तर म्हणाले, "त्यांना विचारून सांगतो!"

*

तर ते भांडण. नवी कादंबरी होती. दाऊदभाईंची प्रत मी दोनदा वाचलेली, बापूसाहेबांनी मुंबईहून स्वतःची मागवलेली.

"नायिका शेवटी नवऱ्याकडे परत जाते, हेच तिचं सौंदर्य!" बापूसाहेब म्हणाले.

"परत कुठे जाते? दारापर्यंत जाते नि उलटी फिरते."

"वहिनी, कॉलेजात गेल्याशिवाय ह्या गोष्टी कळत नाहीत!"

आणि मग बैठक हलवायची घोषणा. आठवड्यातून एक रविवार मी माझ्या तोलाच्या माणसांशी बोलत असे. तो रविवार हा गृहस्थ उचलून न्यायला निघाला होता! मास्तर खाली बघत होते.

मी उठले. बापूसाहेबांच्या काखेतली त्यांची प्रत काढून घेतली, चाळली. मग सुपारीची सुरी पुस्तकावर ठेवून दोन्ही त्यांच्या हातात दिली.

"घ्या बापूसाहेब, शेवटची चाळीस पानं आधी कापा, मग मत द्या!"