वहिनीनं सांगितलेला आकडा

वहिनीला मी पाच जणांसमोर खोटारडी ठरवलं होतं. पुराव्यासकट.

आज तिला जाऊन वर्ष झालं. तारखेनं. तिथीनं मागच्याच आठवड्यात झालं. श्राद्धाला सगळे आले, वडे छान झाले होते म्हणून सांगून गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गेल्यावर आमच्याकडेच राहायची, इंदूरजवळ, नानाखेडा वस्तीत. मी तिथल्याच फ्रीगंज बाजारात वजनकाटे दुरुस्त करतो. कोणी शिकवलं नाही, मॅन्युअल वाचून शिकलो. माझ्या हातून गेलेला काटा एक ग्रॅमसुद्धा खोटं बोलत नाही.

दहावीला नापास झालो त्या दिवशी घरात कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. नवीन लग्न होऊन आलेली वहिनी ताट घेऊन आली.

"जेवा, भाऊजी. पेपर तपासणाऱ्याचं चुकलं असेल."

चुकलं नव्हतं. इंग्रजीत अकरा मार्क होते.

तिचे दोन्ही गुडघे गेले होते. हाडावर हाड घासायचं. एका हॉस्पिटलात गुडघ्याच्या नव्या इंजेक्शनची ट्रायल चालू होती, तिथे मीच तिचं नाव घातलं. संमतीपत्र बावीस पानांचं. तिला हिंदीतलं वाचून दाखवलं, इंग्रजीतलं मी स्वतः डिक्शनरी घेऊन वाचलं. एक ओळ सोडली नाही.

काही पेशंटना औषध, काहींना नुसतं सलाईनचं पाणी. कोणाला काय दिलं हे पेशंटला माहीत नाही, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. पेशंटनं फक्त दुखण्याचा खरा आकडा सांगायचा. सगळी ट्रायल त्या आकड्यावर उभी.

दर दुसऱ्या मंगळवारी जायचं. वहिनी केस धुवायची, जांभळी साडी नेसायची, स्कूटरवर मागे बसायची. तिथली कोऑर्डिनेटर मुलगी खुर्ची ओढून तिच्या समोर बसायची. हात हातात घ्यायची.

"आंटीजी, ज़ीरो मतलब बिलकुल दर्द नहीं. दस मतलब सहन ही नहीं होता. आज कितना?"

"दो, बेटा."

घरी जिन्यावर बघून मी आठ म्हटलं असतं. तिथे दोन.

घरी तिला असं समोर बसून कोणी विचारत नव्हतं. मीही नाही. मी विचारायचो, "गोळी घेतली का?"

नियम होता, व्हिजिटच्या आधी दोन दिवस दुखण्याची गोळी बंद. मी तिला तीनदा वाचून दाखवला होता.

कमरेच्या दुखण्याच्या माझ्या गोळ्यांच्या पाकिटावर मी तारीख आणि शिल्लक लिहितो. ट्रायलच्या मंगळवारी दोन गोळ्या कमी निघायच्या. तीन वेळा पाहिलं, बोललो नाही. चौथ्या वेळी रिकामी पट्टी तिच्या उशीखाली सापडली.

घरी विचारता आलं असतं.

मी तिथे विचारलं. डॉक्टर, ती मुलगी, नर्स, आणखी एक पेशंट आजी, आजींचा जावई. टेबलावर पट्टी ठेवली.

"सर, भाभी का दो झूठा है. ये खाके आती हैं."

मुलगी हळू म्हणाली, "आंटीजी, क्यों?"

वहिनी खाली बघत होती. "तुम लोग इतनी मेहनत करते हो, बेटा. मेरे घुटने के मारे दवाई फेल हो जाती तो?"

तिला ट्रायलमधून काढलं. डॉक्टर चांगल्या शब्दांत बोलले. निघताना त्या मुलीनं खाली वाकून वहिनीच्या चपला सरळ केल्या. मी स्कूटर काढायला पुढे गेलो होतो.

घरी दारात उतरताना वहिनी एवढंच म्हणाली, "तुमचा काटा बरोबर निघाला, भाऊजी."

नियमानं मी बरोबरच होतो. आजही म्हणतो. तिच्या खोट्या दोनमुळे उद्या एखादं बिनकामाचं औषध कोणाच्या गुडघ्यात गेलं असतं.

पण मंगळवारी ती केस धुवायची ते धुवायचीच. जांभळी साडी नेसून अकरापर्यंत गॅलरीत बसायची. मग साडी बदलून भाजी निवडायला घ्यायची.

आता मी विचारायला लागलो होतो. उभ्याउभ्या, स्कूटरची किल्ली हातात घेऊन. "वहिनी, आज किती?"

"शून्य."

"खरं सांग."

"माझे आकडे चुकतात ना? मग तुम्हीच लिहा. शून्य लिहा."

हसून म्हणायची. जिने चढताना कठडा धरायची आणि वरून ओरडायची, "शून्य हो, भाऊजी!" मला वाटायचं टोमणा आहे. पुढे पुढे सवयच झाली.

मागच्या वर्षी दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी कॉलनीतल्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पोट दाबलं. वहिनीनं टेबलाची कड धरली, मी पाहिलं.

"माताजी, दर्द कितना है?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "शून्य."

डॉक्टर म्हणाले, फिर भी सोनोग्राफी करवा लेते हैं.

आणि मी म्हणालो, "ज़रूरत नहीं, सर. भाभी अब झूठ नहीं बोलतीं. मेरी गारंटी है."

गॅसच्या गोळ्या घेऊन घरी आलो.

पित्ताशय आत फुटलं होतं. दुसऱ्या दिवशी इंदूरला नेलं तोवर विष सगळीकडे पसरलेलं. सर्जन विचारत होता, "इतने दर्द में माताजी ने कुछ बोला नहीं?"

बोलली होती. आकडा सांगितला होता.

तेराव्याला सगळे म्हणत होते, सोशिक होती हो, कधी तक्रार नाही. कमेंटमध्ये कोणी सोशिक लिहू नका. हात जोडलेले इमोजी नकोत. ती सोशिक नव्हती. तिला विचारणारं एकच माणूस होतं, ते मी तोडलं.

भावपूर्ण वगैरे मला लिहिता येत नाही.

वहिनी, तेव्हा तू ताट पुढे ठेवून मला खोटं सांगितलं होतंस. मी जेवलो होतो.

या वेळी मात्र पेपर तपासणाऱ्याचंच चुकलं.

नमस्कार करतो.