काकडीसाठी गुळाचं पाणी

चहा घ्या आधी. साखरेचा आहे, गुळाचा नाही. का नाही, तोच तर माझा घोटाळा!

आमचं फुलंब्रीजवळ छोटंसं पॉलीहाऊस आहे. त्यात काकडी. एका शेतकरी मेळाव्यात कृषी खात्याच्या साहेबांनी सांगितलं, "बंद पॉलीहाऊसात झाडं कार्बन डायऑक्साइड खाऊन संपवतात. सकाळच्या उजेडात तो वाढवून दिला, की काकडी जोरात धरते."

अहो, मी खुर्चीतून उठलेच! झाडं उपाशी, आणि आपण नुसतं खत घालतोय?

"साहेब, हा वायू आणायचा कुठून?"

"मोठे लोक सिलिंडर लावतात. घरगुती करायचं तर गुळाच्या पाण्यात यीस्ट घाला. ते आंबलं की वायू सुटतो."

झालं! दुसऱ्याच दिवशी शहरात शहागंजचा बाजार गाठला. दुकानातल्या चाचांनी विचारलं, "क्या आपा, बेकरी डालरे क्या?"

"नाही हो चाचा, काकडीला द्यायचंय!"

चाचांनी पुड्या बांधल्या, पण माझ्याकडे बघत बघत.

घरी येऊन कॅन भरले, झाकणांना भोकं पाडली, वेलींच्या वर तारांना टांगले. आमचे हे दारात उभे. "काकडी पिकवायलीस का सरबत करायलीस?"

मी लक्षच दिलं नाही. बुडबुडे यायला लागले, तशी मी लहान पोरीसारखी टाळ्या वाजवायला लागले! मग वायू बाहेर जाऊ नये म्हणून पॉलीहाऊसचे पडदे लावले आणि पुंडलिकनगरला लेकीकडं दोन-चार दिवस राहायला गेले.

आता एक सांगायचंच राहिलं. मी गावच्या महिला दारूबंदी मंडळाची अध्यक्ष! गावठीची भट्टी माझ्या नाकाला दोन शेतं लांबून कळते. आणि नियमही माझाच: भट्टी सापडली, की मालकानं पारावर माईकवरून माफी मागायची. बाई असो वा बाप्या.

परत आले, तर फाट्यावरच मंडळाच्या बायका जमलेल्या.

"अक्का, बरं झालं आलात! शिवारात कुणीतरी भट्टी लावली. लई वास सुटलाय!"

"मी जरा काय गेले, लगेच? चला!"

पिशवी खांद्यावर तशीच. नाक वर करून मी पुढं, बायका मागं. ओढा ओलांडला, वास वाढला. बांध ओलांडला, अजून वाढला.

"अक्का," मंडळातली सुनंदा म्हणाली, "ह्ये तर तुमचंच शेत."

"बघ की! माझ्या माघारी माझ्याच शेतात? आज सोडतच नाही!"

पॉलीहाऊसचं दार धाडकन उघडलं. आत वेलींखाली शंकरभाऊ मांडी घालून, डोळे मिटून बसलेले. याच शंकरभाऊंना मी शपथ घालून दारू सोडायला लावली होती.

"शंकरभाऊ! शपथ मोडलीत?"

"नाय अक्का! थेंब घेतला नाय. नुसता वास घ्यायलोय. शपथेत वासाचं काय नव्हतं."

"भट्टी कुणाची ही?"

त्यांनी हळूच वर बोट केलं. वर माझेच कॅन! फसफस, फसफस!

बायकांनी कॅनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"अगं, हा कार्बन डायऑक्साइड आहे!"

"व्हय अक्का," सुनंदा म्हणाली. "मागल्या वेळी सापडला तो पण काढा हाय म्हणला होता."

नियम म्हणजे नियम. संध्याकाळी पारावर माईक लागला. आता अध्यक्षपद जातंय, हीच धास्ती. ठरवलं, काही लपवायचं नाही. माफी मागितली आणि सगळं नीट समजावून सांगितलं. गूळ किती, पाणी किती कोमट, यीस्ट कधी घालायचं, झाकण सैल का ठेवायचं. बोलता बोलता असा उत्साह चढला, काय सांगू!

आणि माझ्या दारूबंदीच्या भाषणाला कधी न फिरकणारे बाप्ये! चिडीचूप बसून ऐकत होते. मागून आवाज आला, "अक्का, गुळाचं परत एकदा सांगा की!" मी परत सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षपद वाचलं!

घरी जाताना मी ह्यांना म्हटलं, "बघितलंत? गावाला शेतीची केवढी आवड!"

"व्हय," हे म्हणाले. "पण त्यातल्या एकाकडं तरी पॉलीहाऊस हाय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासाठी गूळ आणायला गेले. गावातल्या एकाही दुकानात खडा शिल्लक नव्हता!